छायाचित्रांचे दप्तर आणि बाहेरचा कारागीर



व्याख्यानमालेच्या पत्रिकेत आजच्या विषयाचे नाव वाचून कित्येकांच्या मनात एक शंका आली असेल. ज्या व्यासपीठावरून इतिहास, वेदान्त आणि अर्थकारण यांचा ऊहापोह व्हावा, तेथे संगणकावरची छायाचित्रे कशी ठेवावी आणि कशी सुधारावी ही चर्चा कशाला? ते काम घरातल्या मुलांनी पाहावे! शंका रास्त आहे. परंतु थोडा विचार केला तर असे दिसेल की, आज प्रत्येक घरात जे एक दप्तर आपोआप वाढत चालले आहे ते छायाचित्रांचेच आहे. पूर्वी घरातले दप्तर म्हणजे खरेदीखते, जन्मपत्रिका, ट्रंकेच्या तळाशी बांधून ठेवलेली पत्रे आणि भिंतीवरची आजोबा-आजींची तसबीर. आता पत्रे कोणी लिहीत नाही, रोजनिशी ठेवणारे विरळा. छायाचित्रे मात्र एकेका लग्नात शेकड्यांनी निघतात. पुढच्या पिढीला आपल्याविषयी जे काही कळायचे ते बऱ्याच अंशी या चित्रांवरूनच कळणार आहे. तेव्हा हे दप्तर कसे राखावे, आणि त्यातला एखादा कागद दुरुस्तीसाठी बाहेर द्यायचा झाला तर तो कोणत्या रीतीने द्यावा, हा प्रश्न वाटतो तितका किरकोळ नाही.

प्रथम विषयाची मर्यादा सांगतो. संगणकावर छायाचित्रांसाठी दोन जातींचे प्रोग्राम असतात. एक जात दप्तरदाराची. ॲपल कंपनीचा आयफोटो, ॲडोबी कंपनीचा लाइटरूम, गूगलने २००४ साली विकत घेतलेला पिकासा, फुकट मिळणारे डिजिकॅम आणि शॉटवेल, ही या जातीतली नावे. यांचे मुख्य काम संग्रह सांभाळण्याचे. चित्र कोणत्या दिवशीचे, कोणत्या गावचे, त्यात कोण आहे, याची नोंद ठेवायची आणि मागितले की क्षणात काढून द्यायचे. दुसरी जात कारागिराची. १९९० साली बाजारात आलेला फोटोशॉप आणि विद्यार्थ्यांनी सुरू केलेला, १९९६ पासून सर्वांना खुला असलेला गिंप हे त्यातले प्रसिद्ध. या कारागिरांना संग्रहाशी कर्तव्य नाही. एक चित्र समोर ठेवायचे आणि त्याच्यावर बारीक हत्याराने काम करायचे, एवढेच ते जाणतात. दप्तरदाराजवळचे चित्र कारागिराकडे कसे पाठवावे आणि परत कसे घ्यावे, हा आजचा विषय.

आपल्यापैकी जे वाचनालयाच्या कारभारात आहेत त्यांना ही गोष्ट समजायला मुळीच जड जाणार नाही. वाचनालयातले पुस्तक फाटले, पाने सुटली, तर ते बाइंडरकडे जाते. पण कसे जाते? ग्रंथपाल नोंदवहीत दाखल क्रमांक पाहतो, पुस्तक बांधणीला दिल्याची नोंद करतो, मग पुस्तक बाहेर पडते. परत आले की पाने तपासून, क्रमांकाची चिठ्ठी डकवून, त्याच फळीवर त्याच जागी ते ठेवले जाते. आता समजा, एखाद्या उत्साही सभासदाने ग्रंथपालाला न विचारता कपाटात हात घालून पुस्तक परस्पर बाइंडरकडे नेले. हेतू चांगला, पैसेही पदरचे. परंतु नोंदवही म्हणते पुस्तक फळीवर आहे, आणि फळी रिकामी! पुढे पुस्तक येते ते नव्या पुठ्ठ्यात, क्रमांक नाही, शिक्क्याचे पान बाइंडरने कातरून टाकलेले. ते पुस्तक वाचनालयात असूनही हरवल्यासारखेच झाले. छायाचित्रांच्या संग्रहात होणारा बहुतेक घोटाळा नेमका याच प्रकारचा असतो.

येथे थोडे मागे जाऊ. छायाचित्रणाची विद्या १८३९ साली जगापुढे आली ती दोन वाटांनी. फ्रान्सच्या दागेरची पद्धत अशी की, चांदीचा मुलामा दिलेल्या तांब्याच्या पत्र्यावर चित्र उमटावे. ते एकमेव, त्याची दुसरी प्रत नाही. इंग्लंडच्या टॉलबटने १८४१ साली जिचे पेटंट घेतले त्या पद्धतीत आधी उलट्या छायेची निगेटिव्ह तयार होई आणि तिच्यावरून हव्या तितक्या प्रती निघत. टॉलबटची वाट पुढे रूढ झाली, आणि तिच्याबरोबर एक मोठा शहाणपणा आपोआप रूढ झाला. मूळ एका जागी जपून ठेवायचे आणि हौस करायची ती प्रतीवर. मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली ती १८५४ साली; म्हणजे ही कला आपल्याकडे यायला फार वर्षे लागली नाहीत. पुढे गावोगाव स्टुडिओ निघाले. त्या स्टुडिओत निगेटिव्हवर शिसपेन्सिलीने आणि प्रिंटवर ब्रशाने रिटचिंग करणारे कारागीर असत. चेहऱ्यावरचे देवीचे व्रण पुसणे, शालूच्या काठावर रंग चढवणे ही त्यांची नित्याची कामे. चांगला स्टुडिओवाला निगेटिव्ह मात्र क्रमांक घालून पेटीत ठेवी, कारण त्याची खरी पुंजी तीच होती.

संगणकाच्या काळात निगेटिव्हची जागा मूळ फाईलने घेतली. पण एक फरक पडला आणि तोच सगळ्या अडचणींचे मूळ आहे. काचेची निगेटिव्ह आणि कागदाची प्रत यांत डोळ्यांना दिसणारा भेद होता. आंधळ्यानेही चाचपून सांगावा इतका. फाईल आणि तिची प्रत यांत असा भेद काहीच नसतो. दोन्ही सारख्याच, नावेही सारखी असू शकतात. त्यामुळे प्रतीवर काम करतो आहोत असे समजून मुळावरच हात चालवणे अगदी सोपे झाले. आणि एकदा का त्या फाईलवर सेव्हचे बटण दाबले की पूर्वीची अक्षरे पुसून पाटीवर नवी लिहावी तसे होते. खालचे काही उरत नाही.

दप्तरदार प्रोग्रामांनी या धोक्यावर जो उपाय योजला तो मोठा मार्मिक आहे. ते मूळ चित्राला हातच लावत नाहीत. आपण चित्र थोडे उजळ करा म्हटले, कडा कापा म्हटले, तर लाइटरूमसारखा प्रोग्राम ती आज्ञा आपल्या वहीत लिहून ठेवतो. अमुक चित्र, एवढे उजळ, एवढी डावी कड वगळून. पडद्यावर दाखवताना मूळ चित्र घ्यायचे, आज्ञा लागू करायच्या आणि दाखवायचे. आज्ञा खोडली की चित्र पुन्हा पूर्ववत. पिकासाही आपल्या आज्ञा त्या त्या फोल्डरातल्या एका लहानशा लेखी फाईलमध्ये टिपून ठेवी. आयफोटोची रीत थोडी निराळी होती. तो चित्रात पहिला बदल होतो त्या वेळी मूळ फाईल अलग राखून बदललेली प्रत वेगळी करी आणि संग्रहात ती प्रत दाखवी; ‘मुळाकडे परत’ अशी एक आज्ञा दिली की राखलेले मूळ पुढे येई. रीत कोणतीही असो, तत्त्व एकच. मूळ शाबूत राहावे आणि काय केले याची नोंद राहावी.

मग बाहेरच्या कारागिराची गरजच काय, असे कोणी विचारील. गरज आहे. उजेड, रंग, काटछाट ही कामे दप्तरदार घरच्या घरी करतो. आता तर लहानसे डागही तो काढून देतो. परंतु समजा, घरात जुने एक छायाचित्र आहे. मधोमध घडी पडून कागद तडकला आहे, एका कोपऱ्यावर बुरशी चढली आहे, आजीच्या लुगड्याचा काठ वाळवीने खाल्ला आहे. ते स्कॅनरवर ठेवून संगणकात घेतले. आता ही तड सांधायची तर शेजारचा पोत उचलून तिळातिळाने तेथे बसवावा लागतो. त्यासाठी थरांवर थर ठेवून काम करण्याची सोय लागते. म्हणजे मूळ चित्र खाली, त्याच्यावर काचेसारखा पारदर्शक थर, दुरुस्ती त्या थरावर. नको वाटली तर थर उचलून बाजूला ठेवता येतो. ही सोय कारागिराच्या जातीच्या प्रोग्रामांत मुरलेली असते. ज्याचे काम त्याने करावे हे उत्तम. प्रश्न एवढाच की देवघेव कशी व्हावी.

देवघेवीची सरळ रीत अशी. दप्तरदाराच्या पसंतीच्या पानावर, म्हणजे ज्याला प्रेफरन्सेस म्हणतात तेथे, आपला कारागीर कोणता हे एकदा सांगून ठेवायचे. मग चित्र निवडून त्याच्याकडे पाठव असे दप्तरदारालाच सांगायचे. शॉटवेलमध्ये ही सोय आहे, आणि आयफोटोच्या जागी २०१५ साली जो फोटोज नावाचा प्रोग्राम आला त्यातही २०१७ पासून आहे. या रीतीने चित्र पाठवले म्हणजे दप्तरदार मूळ जपतो, कारागिराला दुसरी प्रत देतो, आणि ती कोठे दिली आहे हे ध्यानात ठेवतो. कारागिराने काम संपवून, नाव न बदलता, जागा न बदलता सेव्ह केले की दप्तरदार ती प्रत उचलून संग्रहात त्याच जागी दाखवतो.

हे इतके सोपे आहे, तर घोटाळा कोठे होतो? आमच्या मते तो चार ठिकाणी होतो. एकेक घेऊ.

पहिले ठिकाण मागच्या दाराचे. आयफोटोचा संग्रह वरून एकच गाठोडे दिसे, पण आत फोल्डरांची उतरंड असे. काही माणसांना गाठोडे सोडून पाहण्याची आवड असते. ते आत शिरून हवी ती फाईल हुडकत आणि थेट फोटोशॉपमध्ये उघडत. दप्तरदाराला पत्ताच नाही! त्याने प्रत काढली नाही, मूळ राखले नाही. कारागिराने ज्या फाईलवर सेव्ह केले ती मूळच असली, तर मूळ गेले. शिवाय दप्तरदाराच्या जवळचे टिकलीएवढे नमुनाचित्र जुनेच राहिले, म्हणजे यादीत एक चेहरा आणि उघडल्यावर दुसरा. ‘मुळाकडे परत’ ही आज्ञा दिली तरी परत जायला मूळच उरले नाही. संग्रहाच्या फोल्डरात परभारे हात घालू नये हा नियम कोणत्याही दप्तरदाराला लागू आहे. फाईलचे नाव बदलणे, ती दुसरीकडे हलवणे हेदेखील दप्तरदाराकडूनच करवावे.

दुसरे ठिकाण सेव्ह या एका शब्दाचे. कारागिराच्या घरी ‘सेव्ह’ आणि ‘सेव्ह ॲज’ अशा दोन आज्ञा असतात. दुसरी दिली की नव्या नावाची नवी फाईल होते. दप्तरदार वाट पाहतो आहे जुन्या नावाची. नवी फाईल त्याच्या गावीही नसते. तीन तास खपून केलेली दुरुस्ती कोठेतरी डेस्कटॉपवर पडून राहते आणि संग्रहात तडकलेलेच चित्र दिसते. मग सेव्ह ॲज केलेली फाईल संग्रहात नव्याने दाखल करून घ्यावी लागते. गिंपच्या बाबतीत आणखी एक बारकावा आहे. २०१२ साली निघालेल्या २.८ या आवृत्तीपासून गिंपची ‘सेव्ह’ ही आज्ञा फक्त गिंपच्या स्वतःच्या जातीची फाईल करते. जेपेग जातीचे चित्र आले असेल तर ते जसेच्या तसे परत लिहिण्यासाठी ‘ओव्हरराइट’ नावाची निराळी आज्ञा द्यावी लागते. पुष्कळ लोक सेव्ह करून निश्चिंत होतात आणि मग दप्तरदाराला दोष देतात. दप्तरदार बिचारा काय करील? त्याच्या हाती परत काही आलेलेच नसते.

तिसरे ठिकाण फाईलच्या जातीचे. येथे थोडे गणित सांगितले पाहिजे, ते श्रोत्यांनी गोड मानून घ्यावे. आपले नेहमीचे चित्र जेपेग जातीचे असते. हे मानक १९९२ सालचे. ते चित्राचे आठ बिंदू लांब व आठ बिंदू रुंद असे चौकोन पाडते आणि प्रत्येक चौकोनातला जो तपशील डोळ्याला सहसा जाणवत नाही तो टाकून देते. त्यामुळे फाईल लहान होते. पण टाकलेला तपशील परत येत नाही. चित्र बदलून पुन्हा सेव्ह केले की पुन्हा थोडा तपशील जातो. एखादुसऱ्या वेळेने काही बिघडत नाही; परंतु आज थोडे, उद्या थोडे असे करत तीच फाईल दहा वेळा उघडून बदलली, तर कडांभोवती जळमटे धरल्यासारखी दिसू लागतात. दुसरे असे की, जेपेगमध्ये प्रत्येक रंगाच्या २५६ पायऱ्या असतात. चांगल्या कॅमेऱ्याच्या कच्च्या फाईलमध्ये, जिला रॉ म्हणतात, त्या ४,०९६ किंवा १६,३८४ असतात. काळवंडलेले चित्र उजळायचे तर या पायऱ्या भरपूर हव्यात. नाहीतर आकाशात पट्टे पट्टे दिसतात.

म्हणून लाइटरूम कारागिराकडे चित्र पाठवताना टिफ किंवा फोटोशॉपच्या जातीची, १६ बिटांची प्रत करण्याची सोय देतो. तिच्यात तपशील टाकला जात नाही आणि कारागिराने घातलेले थरही तसेच राहतात. किंमत मात्र जागेची. ६,००० बिंदू लांब आणि ४,००० बिंदू रुंद चित्र घ्या. बिंदू झाले २ कोटी ४० लाख. प्रत्येकाचे तीन रंग, प्रत्येक रंगाला दोन बाईट. म्हणजे १४ कोटी ४० लाख बाईट, अर्थात १४४ मेगाबाईट, आणि तेही थर घालण्यापूर्वी. तेच चित्र जेपेगमध्ये याच्या एका लहानशा अंशात मावते. तेव्हा प्रत्येक चित्राला हा थाट करण्याचे कारण नाही. सहलीच्या चित्राला जेपेग पुरे. आजीच्या तसबिरीला मात्र टिफ द्यावे. तेथे जागेचा हिशेब करू नये.

रॉ जातीच्या चित्रांना एक वेगळा नियम लागतो. रॉ फाईल म्हणजे कॅमेऱ्याच्या डोळ्याने जे पाहिले त्याची कच्ची नोंद. कारागीर तिच्यात परत लिहू शकत नाही. त्यामुळे आयफोटो नेहमी रॉऐवजी तयार केलेली जेपेग प्रत बाहेर देई. रॉ-च द्या असा हट्ट धरला तर दुरुस्त चित्र वेगळी फाईल होऊन बसे आणि ते संग्रहात पुन्हा दाखल करावे लागे. लाइटरूममध्ये इतर चित्रांसाठी तीन पर्याय पुढे येतात: मुळावरच काम करा, मुळाच्या प्रतीवर करा, किंवा लाइटरूममधले फेरफार धरून केलेल्या प्रतीवर करा. रॉ असेल तर तिसराच लागू. इतर चित्रांना पहिला पर्याय घ्यायचा असेल तर दहा वेळा विचार करावा. आधीच एकदा कारागिराकडे जाऊन आलेल्या थरांच्या फाईलला तो योग्य, कारण इतर दोन पर्यायांत पुन्हा एक नवीच प्रत होते आणि काम दोन ठिकाणी विखुरते. कोऱ्या मुळाला मात्र तो पर्याय कधीच लावू नये.

चौथे ठिकाण नोंदींचे. डिजिटल चित्राच्या पोटात ते कधी घेतले, कोणत्या कॅमेऱ्याने, याची टिपणे असतात. कारागिरांपैकी काही जण चित्र परत लिहिताना ही टिपणे गाळतात, विशेषतः सेव्ह करताना वेबसाठी लहान फाईल मागितली तर. मग दप्तरदार त्या चित्राला आजची तारीख देतो आणि दहा वर्षांपूर्वीची मुंज यंदाच्या उन्हाळ्यात जाऊन बसते. स्कॅन केलेल्या जुन्या चित्रांचे तर सुरुवातीलाच असे होते, कारण स्कॅनरला चित्र कधीचे आहे हे कसे कळावे? तेव्हा चित्र परत आल्यावर, बाइंडरकडून आलेल्या पुस्तकाची पाने तपासावी तशी, तारीख आणि नावे तपासून घ्यावी.

येथवर कारागिरीच्या गोष्टी झाल्या. परंतु आमच्या मते या विषयाचे मर्म याहून खोल आहे. मूळ जपा, मूळ जपा, असे आम्ही वारंवार म्हणतो ते फाईल वाया जाऊ नये एवढ्यासाठी नव्हे. दुरुस्ती करणारा माणूस त्या क्षणी जे निरुपयोगी समजतो ते निरुपयोगी आहे की नाही, हे त्या क्षणी ठरत नाही म्हणून. आजीच्या त्या तसबिरीकडे पुन्हा वळू. घरातला हौशी नातू बुरशीचे डाग काढत काढत कपाळापर्यंत येतो. तेथे एक गडद ठिपका दिसतो, हनुवटीवर तसेच तीन ठिपके. त्याला वाटते, हेही डागच. तो ते स्वच्छ पुसतो. ते गोंदण होते! कोणत्या गावच्या गोंदणारणीने, कोणत्या जत्रेत, किती लहानपणी गोंदले, हे सांगणारे माणूस कदाचित अजून घरात असेल. पण विचारण्याचे निमित्तच पुसले गेले. तसबिरीच्या खालच्या कडेला कागदावर दाबलेला स्टुडिओचा उठाव शिक्का असतो, गावाच्या नावासकट. काटछाटीत तो गेला तर आजीचे कुटुंब त्या वर्षी कोणत्या गावी होते याचा पुरावा गेला. मूळ शाबूत असेल तर हे सर्व भरून काढता येते. उद्या एखादी आत्या येऊन म्हणेल, अरे, आईच्या हनुवटीवर गोंदण होते ना? आणि नातू मूळ काढून पाहील.

ही गोष्ट घरातली झाली. जगाच्या व्यवहारात हाच प्रश्न फार मोठा होतो. रिटचिंग जितके जुने तितकाच हा प्रश्न जुना आहे. १८५५ साली पॅरिसच्या प्रदर्शनात म्युनिकच्या हान्फ्श्टेंगल नावाच्या छायाचित्रकाराने एकाच व्यक्तीचे चित्र दोनदा मांडले होते, एक रिटच केलेले आणि एक न केलेले. लोक चकित झाले. परंतु त्या मांडणीतला प्रामाणिकपणा पाहा. त्याने दोन्ही शेजारी शेजारी ठेवली. काय केले आहे ते पाहणाऱ्याला कळत होते. याच्या उलट टोकाचे उदाहरण रशियातले. स्तालिन आणि त्याचा गुप्त पोलिसांचा प्रमुख येझोव्ह यांचे मॉस्कोच्या कालव्यावर चालतानाचे १९३७ सालचे छायाचित्र प्रसिद्ध आहे. पुढे येझोव्ह मर्जीतून उतरला. १९४० साली त्याला गोळी घालण्यात आली. नंतरच्या चित्रात तो नाही. तो उभा होता तेथे कालव्याचे पाणी आहे. हे आज आपण जाणतो ते का? कारागिराने काम कच्चे केले होते म्हणून नव्हे. न पुसलेली प्रत कोठेतरी टिकून राहिली म्हणून. ती टिकली नसती तर येझोव्ह त्या कालव्यावर कधी चाललाच नव्हता!

अमेरिकेतल्या नॅशनल जिऑग्राफिक मासिकाने फेब्रुवारी १९८२ च्या अंकाच्या मुखपृष्ठासाठी इजिप्तच्या पिरॅमिडांचे आडवे छायाचित्र घेतले आणि उभ्या पानात बसावे म्हणून संगणकाच्या साह्याने पिरॅमिड एकमेकांजवळ सरकवले. हेतू दुष्ट नव्हता, पानाची सोय पाहिली होती. तरी मोठी चर्चा झाली. तेव्हा अशा यंत्रणा मोठ्या छापखान्यांत असत. आज ते सामर्थ्य खिशातल्या फोनमध्ये आले आहे. आता तर यंत्र स्वतःच्या बुद्धीने चेहरे उजळते, पाठीमागची माणसे पुसते, आणि नसलेला तपशील अंदाजाने भरते. फाटलेल्या चित्रातला डोळा यंत्राने भरून दिला, तर तो आजोबांचा डोळा नव्हे, यंत्राने कल्पिलेला डोळा आहे. भरू नये असे आम्ही म्हणत नाही. पण शेजारी मूळ असावे आणि भरले आहे हे लिहून ठेवलेले असावे.

शेवटी आणखी एक सावधगिरी. दप्तरदारही अमर नाही. पिकासा २०१६ साली बंद झाला. ॲपलचा ॲपर्चर नावाचा दप्तरदार २००५ साली आला आणि २०१५ साली विक्रीतून गेला. आयफोटोही त्याच वर्षी निवृत्त झाला. ज्यांनी या वह्यांत वर्षानुवर्षे नोंदी केल्या त्यांना नव्या घरी बिऱ्हाड हलवावे लागले. एका प्रोग्रामने लिहिलेल्या फेरफाराच्या आज्ञा दुसऱ्याला बहुधा वाचता येत नाहीत. मूळ चित्र आणि पूर्ण होऊन परत आलेले दुरुस्त चित्र मात्र कोणालाही वाचता येते. म्हणून महत्त्वाच्या चित्रांची मूळ आणि दुरुस्त अशी दोन्ही रूपे साध्या फाईलींच्या स्वरूपात बाहेर काढून, संगणकाखेरीज आणखी एका ठिकाणी ठेवावी.

आता सार सांगतो. संग्रहाच्या मागच्या दाराने आत शिरू नये. चित्र दप्तरदाराच्या हातूनच बाहेर द्यावे. कारागिराकडे नाव आणि जागा बदलू नये. बदललीच तर चित्र नव्याने दाखल करावे. मोलाचे चित्र टिफमध्ये, थरांसकट राखावे. परत आलेले चित्र तपासून त्याची तारीख, नावे आणि केलेली दुरुस्ती दोन ओळींत नोंदवावी. “तड सांधली, डावा कोपरा नव्याने भरला” एवढे पुरे. लिहायला अर्धे मिनिट लागते. आणि मूळ पुसू नये, ते कितीही मळकट दिसले तरी.

यात अवघड असे काहीच नाही. आपल्या वाचनालयाच्या ग्रंथपालांना हे सगळे कोणी न शिकवता ठाऊक होते. त्यांच्या नोंदवहीच्या शेऱ्याच्या रकान्यात ते असेच लिहीत आले आहेत. आज प्रत्येक घरातल्या कोणाला तरी ग्रंथपाल व्हावे लागणार आहे. ते काम बहुधा घरातल्या तरुण मुलामुलींकडे येईल. त्यांना हत्यारे कशी चालवावी हे आपल्याहून चांगले कळते. चित्रात कोण आहे, ते गोंदण कोठले, तो स्टुडिओ कोणत्या पेठेत होता, हे मात्र घरातल्या वडीलधाऱ्यांनाच माहीत. या सुट्टीत दोघांनी एकदा संगणकासमोर शेजारी बसावे, एवढी विनंती आहे.